घरांच्या बातम्या आणि बिल्डरांच्या जाहिराती: वाचक वारंवार विचारतात ते प्रश्न

महापालिका, जमीन आणि घरबांधणी या विषयांवर मी मराठी दैनिकांसाठी बरीच वर्षे बातमीदारी केली. त्यातली काही वर्षे मालमत्ता पुरवणीच्या टेबलावरही काढली. सोसायट्यांच्या सभांना गेले की तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून काढते आहे. माणूस आयुष्यभराची कमाई आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते घरात घालतो. त्याआधी तो जे वाचतो ते कुणाच्या पैशाने छापले गेले, हे त्याला कळायलाच हवे.

बिल्डरांच्या जाहिराती घेणारे वर्तमानपत्र विकले गेलेलेच असते का?

नाही. अंकाच्या किमतीत कागद, छपाई, वितरकाचे कमिशन आणि पगार भागत नाहीत. ती तूट जाहिराती भरून काढतात, आणि मुंबई-पुण्या-नाशकाच्या दैनिकांना सर्वांत मोठ्या जाहिराती देणाऱ्यांत बांधकाम व्यावसायिक येतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसऱ्याचा अंक उघडा. खरे पहिले पान सापडायच्या आधी गृहप्रकल्पांच्या जॅकेटची चार पाने उलटावी लागतात. साडेतीन मुहूर्तांवर घर घेण्याची आपली रीत आहे आणि जाहिरातींचा हंगामही तिच्यावरच ठरतो.

अशा जाहिरातीबद्दल माझी तक्रार नाही. पैसे देऊन जागा घेतली आणि खाली नाव छापले, तर वाचक फसत नाही. मजकूर कुणी निवडला हे जेव्हा झाकले जाते तेव्हा तो फसतो. अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात संपादकाचे नाव असते आणि पीआरबी (प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स) कायद्यानुसार मजकुराच्या निवडीची जबाबदारी त्यांची, असे लिहिलेले असते. १८६७चा तो कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून नवा कायदा लागू झाला, पण त्या ओळीचा अर्थ बदललेला नाही. बातमी कोणती घ्यायची आणि कोणती नाही, हे संपादकाने ठरवायचे. जाहिरात व्यवस्थापकाचे नाव तिथे कधीच नसते.

मग दबाव नेमका कसा येतो? बिल्डर फोन करून बातमी थांबवतो?

क्वचित. पण एकदा तसे माझ्याही बाबतीत घडले, ते आधी सांगते. पुनर्विकासाला गेलेल्या एका इमारतीतल्या रहिवाशांचे भाडे दीड वर्ष थकले होते. करारनामा, बँकेची नोंदवही, महापालिकेचा पत्रव्यवहार असे सगळे कागद माझ्याकडे होते आणि बिल्डरची बाजूही घेतली होती. पान लागले. रात्री नऊच्या सुमारास जाहिरात विभागातून फोन आला आणि बातमी ‘होल्ड’वर गेली. ‘उद्या बघू’ असे सांगण्यात आले, पण तो उद्या आला नाही. त्या इमारतीतल्या एक आजी दर आठवड्याला फोन करायच्या, “ताई, आमचं कधी येणार?” दसऱ्याला त्याच बिल्डरचे जॅकेट आमच्या अंकावर आले, तेव्हा त्यांनी फोन करणे थांबवले. ती बातमी मी दुसरीकडे का दिली नाही, हा प्रश्न मला आजही छळतो.

फोन येऊन बातमी थांबणे हा मात्र अपवाद. नेहमीचा दबाव कुणाला आवाज चढवावा न लागता काम करतो. बातमीदाराला कळते की अमुक नावाची बातमी ‘जात नाही’, मग तो ती आणतच नाही. उपसंपादक मथळ्यातले नाव काढून ‘एका बिल्डरने’ असे करतो. आग लागते, लिफ्ट कोसळते, मजूर पडून मरतो आणि बातमीत प्रकल्पाचे नाव नसते, फक्त रस्त्याचे असते. तोच प्रकल्प पुरस्कार घेतो तेव्हा नाव ठळक असते. पुढच्या वेळी बांधकामावरच्या अपघाताची बातमी वाचाल तेव्हा एवढेच पाहा की विकासकाचे नाव आहे का.

तालुक्याच्या ठिकाणी हे आणखी उघडे आहे. तिथला वार्ताहर बहुतेक वेळा पगारी नसतो. मानधन तुटपुंजे असते आणि खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर होते. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी त्याला आकडा ठरवून दिलेला असतो. ज्याच्या बेकायदा प्लॉटिंगची बातमी लिहायची त्याच्याच दारात पुढच्या आठवड्यात शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी उभे राहायचे. त्या वार्ताहराला नावे ठेवणे सोपे आहे. दोष मला त्याच्या मालकाच्या व्यवस्थेत दिसतो.

मालमत्ता पुरवणीतला मजकूर बातमी समजायचा का?

समजू नका. तिथे गृहकर्ज, मुद्रांक शुल्क, अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे होणे) यांवरचे चांगले लेखही येतात, मीही लिहिले आहेत. पण पुरवणी निघते ती जाहिरातींसाठी. ‘मार्केटिंग फीचर’, ‘ॲडव्हर्टोरियल’, ‘प्रायोजित’, ‘मीडिया इनिशिएटिव्ह’ यांपैकी एखादा शब्द पानाच्या कोपऱ्यात शोधा. तो सापडला नाही तर मजकूर बघा. बातमीदाराचे नाव नाही, एकाच विकासकाचे म्हणणे आहे, छायाचित्राऐवजी संगणकावर काढलेले चित्र आहे, शेवटच्या परिच्छेदात साइट ऑफिसचा पत्ता आहे. एवढे जुळले की ती जाहिरातच.

प्रेस कौन्सिलच्या पत्रकारिता आचारसंहितेत जाहिरात ही बातमीपासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे असे लिहिलेले आहे. वाचकाला भिंग लागत असेल तर ते स्पष्ट नव्हे.

‘पेड न्यूज’ निवडणुकीतच असते ना?

तिची चर्चा निवडणुकीमुळे झाली. २००९च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले की महाराष्ट्रातल्या प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत एका उमेदवाराची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने, म्हणजे परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, २०१०मध्ये सविस्तर अहवाल लिहिला. तो नावांसह प्रसिद्ध करायला कौन्सिल कचरली आणि माहिती अधिकारातून पाठपुरावा झाल्यावरच तो २०११मध्ये लोकांसमोर आला. पत्रकारांच्या शिखर संस्थेलाही नावे छापायला जड गेले, यावरून प्रश्न किती खोल आहे ते कळते.

विकत घेतलेल्या बातमीची सवय लागली होती ती मात्र व्यापारी पानांवर, निवडणुकीच्या बरीच आधी.

जाहिरातीच्या बदल्यात फ्लॅट किंवा शेअर घेतात हे खरे?

खरे आहे. २००५च्या सुमारास टाइम्स समूहाच्या बेनेट, कोलमन कंपनीने ‘प्रायव्हेट ट्रीटीज’ नावाची योजना आणली. जाहिरातींचे पैसे रोख देण्याऐवजी जाहिरातदार कंपनीने आपल्या भांडवलातला हिस्सा द्यायचा, अशी ती रचना होती. इतर समूहांनीही तो मार्ग धरला. बांधकाम क्षेत्रात याचेच भावंड म्हणजे बार्टर, ज्यात जाहिरातींच्या मोबदल्यात सदनिका किंवा गाळे दिले जातात.

मला हा प्रकार साध्या जाहिरातीपेक्षा जास्त घातक वाटतो. जाहिरात छापून झाली की हिशेब मिटतो. सदनिका हातात असल्या की त्या प्रकल्पाचा भाव चढा राहण्यात वृत्तसमूहाचाच फायदा असतो. तिथले भाव पडताहेत, ताबा लांबतो आहे, ही बातमी मग मालकाच्या स्वतःच्या मालमत्तेविरुद्ध जाते. सेबीने २००९मध्ये याबद्दल प्रेस कौन्सिलला लिहिले. २०१०मध्ये नियम झाला की ज्या कंपनीत वृत्तसमूहाचा हिस्सा आहे तिच्याबद्दलच्या बातमीत तो हिस्सा जाहीर करावा. पण सेबीचे क्षेत्र शेअरबाजाराचे. सदनिकांच्या बार्टरबद्दल तसे जाहीर केलेले मी मराठी दैनिकात एकदाही वाचलेले नाही.

कायदा वाचकाच्या बाजूने आहे का?

बऱ्यापैकी आहे, आणि लोकांना वाटतो त्याहून जास्त. महाराष्ट्रात महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारी राज्याची यंत्रणा, मे २०१७पासून काम करते आहे. नोंदणी असल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरातच करता येत नाही. त्या कायद्याच्या कलम ११नुसार जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता लागतो. १ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही सक्तीचा आहे. जाहिराती तपासण्यासाठी महारेराने भारतीय जाहिरात मानक परिषदेची मदत घेतली आणि नियम मोडणाऱ्या विकासकांना दंडही झाले.

कलम १२ तर प्रत्येकाने पाठ करावे असे आहे. जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर विकासकाने भरपाई द्यायची. ग्राहकाला बाहेर पडायचे असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत. म्हणून जाहिरात जपून ठेवा, ती तुमचा पुरावा आहे.

आता माझा मुद्दा. कायद्यात ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे. कोणत्याही माध्यमातली, कोणत्याही स्वरूपातली प्रसिद्धी तीत येते. मग पैसे घेऊन छापलेला ‘लेख’ही जाहिरातच ठरायला हवा आणि त्यावरही नोंदणी क्रमांक व क्यूआर कोड हवा. लेखाच्या वेशात छापली की हे टाळता येते, आणि वेश घालण्याचे तेही एक कारण आहे.

रेरा नंबर छापलेला असला की निर्धास्त व्हावे का?

कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून त्यांनी महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. घर घेणाऱ्यांनी नंबर पाहिला होता, बँकांनी कर्जेही दिली होती. नंबर खरा होता, त्याखालचा कागद खोटा होता.

इथेच बातमीदाराची गरज लागते. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ही परवानगी तुमच्याच दप्तरातली का, एवढे विचारायला एक दुपार लागते. पण ज्या विषयाचे पान जाहिरातीवर चालते, त्या विषयात दुपार घालवायला बातमीदाराला कोण पाठवणार?

‘अपर ठाणे’, ‘अपर वरळी’ ही नावे बातमीत कशी शिरतात?

जाहिरातीतून. लोअर परळचे ‘अपर वरळी’ झाले, वडाळ्याकडे ‘न्यू कफ परेड’ उगवले आणि ‘अपर ठाणे’ शोधायला गेलात तर भिवंडी तालुक्यात पोचाल. नाव विकासकाने द्यावे, तो त्याचा धंदा आहे. पण बातमीदाराने तेच नाव अवतरणचिन्हाशिवाय वापरले की बातमीचा भूगोल विकला गेला. लोअर परळ म्हटले की गिरण्या आठवतात, १९८२चा संप आठवतो, गिरणीच्या जमिनीतला कामगारांच्या घरांचा वाटा आठवतो. ‘अपर वरळी’ म्हटले की यातले काहीच आठवत नाही. ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ हेही त्यातलेच. बातमीत वेळ नको, किलोमीटर द्या.

‘घरांची विक्री विक्रमी’ अशा बातम्यांमागचे आकडे कुणाचे असतात?

बहुधा मालमत्ता सल्लागार कंपन्यांचे. या कंपन्या दलालीवर आणि विकासकांना दिलेल्या सल्ल्यावर चालतात. त्यांचा आकडा खोटाच असतो असे नाही, पण तो निवडलेला असतो. विकली गेलेली घरे मथळ्यात येतात, न विकली गेलेली सातव्या परिच्छेदात. ‘तज्ज्ञ’ म्हणून ज्यांचे मत छापतात तेही विक्रीच्याच बाजूचे. मॅजिकब्रिक्स हे घरखरेदीचे पोर्टल टाइम्स समूहाचे आहे. एखाद्या समूहाने आपल्याच पोर्टलचा आकडा बातमीत वापरला तर नाते त्याच परिच्छेदात सांगावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

सौदा कितीला झाला हे पाहायचे तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) शोधता येते. ‘एका दिवसात प्रकल्प संपला’ अशी बातमी आली तर महारेराच्या पानावर किती सदनिका विकल्याची नोंद आहे ते काही महिन्यांनी बघा. ताब्याची मूळ तारीख आणि बदललेली तारीखही तिथेच दिसते.

इन्स्टाग्राम, यूट्यूबवर घरे दाखवणाऱ्यांचे काय?

पैसे किंवा सवलत घेतली असेल तर ते ठळकपणे सांगणे बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ती करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय बुकिंगमागे कमिशन घेणारा माणूस माझ्या मते रेरा कायद्याखाली एजंटच आहे, कारण कोणत्याही माध्यमातून ग्राहक आणि विक्रेता यांची गाठ घालून देऊन मोबदला घेणारा त्या व्याख्येत बसतो. एजंटला नोंदणी लागते. तो नंबर व्हिडिओखाली विचारा.

वृत्तपत्रांचे ‘सर्वोत्कृष्ट विकासक’ पुरस्कार?

विजेत्यांची यादी आणि प्रायोजकांची यादी शेजारी ठेवून वाचा.

पत्रकारांनाही घरे मिळतातच की!

मिळतात, आणि हा प्रश्न टाळू नये. पुण्यात सेनापती बापट रस्त्याजवळ आणि मुंबईत वांद्रे पूर्वेला पत्रकारनगर आहे. म्हाडाच्या सोडतीत पत्रकारांसाठी वेगळा प्रवर्ग आहे. नियमाने मिळालेले घर हा गुन्हा नाही. पण म्हाडावर लिहिणाऱ्याने म्हाडाचे घर घेतले असेल तर संपादकाला ते ठाऊक असावे आणि तो विषय शक्यतो दुसऱ्याकडे जावा. विकासकाकडून ‘खास दरात’ घेतलेल्या घराबद्दल मी इतकी मवाळ नाही. ते घेतल्यावर त्या विकासकावर लिहायचे नाही, बस्स.

जाहिरात नाकारणारा, कणा असलेला बातमीदार मिळाला की प्रश्न सुटेल?

राजापूरच्या शशिकांत वारिशे यांचे नाव विसरू नका. कोकणातल्या प्रस्तावित रिफायनरीच्या जमिनींभोवतीचे व्यवहार आणि तिथल्या माणसांवर ते लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बातमी ज्याच्याविषयी होती, त्याच जमीनव्यवहारातल्या माणसाला पोलिसांनी अटक केली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७मध्येच मंजूर केला होता.

एकट्या माणसाच्या धैर्यावर ही व्यवस्था उभी ठेवता येणार नाही. त्याला पगार हवा, जाहिरातीच्या कोट्यातून सुटका हवी आणि बदनामीची नोटीस आली की संस्थेचा वकील हवा. पाच-दहा कोटींच्या दाव्याची नोटीस ही बहुतेकदा दावा जिंकण्यासाठी नसते, पुढची बातमी थांबवण्यासाठी असते. मार्च २०२४मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खटला चालण्याआधीच लेखावर बंदी घालणे हे अपवादात्मक परिस्थितीतच करावे. त्या निकालाचा उपयोग मोठ्यांना होईल. नोटिशीला उत्तर द्यायलाही पैसे नसलेल्या साप्ताहिकाला तो कसा होणार?

वर्तमानपत्रात घराविषयी काहीच विश्वासाने वाचण्यासारखे उरले नाही का?

उरले आहे. जाहीर नोटिसा वाचा. “तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की...” अशी सुरुवात असलेले ते दाट, कंटाळवाणे चौकोन. त्यांचेही पैसे दिलेलेच असतात, पण त्यात सर्व्हे नंबर असतो, क्षेत्र असते, मालकांची नावे असतात आणि हरकतीची मुदत असते. एखाद्या जमिनीवर भावाभावांचा वाद आहे हे मला अनेकदा अशा नोटिशीतून कळले, तेव्हा त्याच जमिनीवरच्या प्रकल्पाचे गोडवे शेजारच्या पानावर होते.

विकास आराखड्यातल्या बदलांच्या सूचनाही याच पानांवर येतात. नगररचना कायद्याच्या कलम ३७खाली शाळेचे किंवा मैदानाचे आरक्षण बदलायचे असेल तर हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो. त्या महिन्यात बातमी आली तर मैदान वाचू शकते, नंतर आली तर ती फक्त श्रद्धांजली. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली की तीही वृत्तपत्रांत जाहीर करावी लागते. ही सूचना जिथे कमी लोक वाचतात अशा अंकात देण्याची युक्ती जुनी आहे. आपल्या वॉर्डात दोन निवृत्त माणसांनी रोज तीन-चार दैनिकांच्या नोटिसा वाचायचे ठरवले, तर स्थानिक बातमीदारापेक्षा त्यांना जास्त कळेल.

पुनर्विकासातल्या रहिवाशांच्या बातम्या इतक्या कमी का?

कारण ते जाहिरात देत नाहीत आणि ते नवे ग्राहकही नाहीत. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांचा करार २००८चा. घरे गेली, पुढे भाडेही थांबले. स्थानिक बातमीदारांनी लिहिले, नाही असे नाही. पण देशभर ते नाव पोचले २०२२मध्ये, एका राजकीय नेत्याला अटक झाली तेव्हा. तोवर त्या कुटुंबांतली लहान मुले कॉलेजात गेली होती.

वेशांतर केलेली जाहिरात दिसली तर तक्रार कुठे करायची?

प्रकल्पाची माहिती खोटी असेल किंवा नोंदणी क्रमांक नसेल तर महारेराकडे. दावा दिशाभूल करणारा असेल तर जाहिरात मानक परिषदेकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. बातमी म्हणून जाहिरात छापली असेल तर आधी संपादकाला लेखी पत्र पाठवा आणि समाधान झाले नाही तर प्रेस कौन्सिलकडे जा. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत जायला हवे. कौन्सिलला दंड करता येत नाही, ताशेरे ओढता येतात. तरीही करा, कारण संपादकाच्या टेबलावर जाहिरातदाराच्या पत्राशेजारी वाचकाचे पत्र क्वचितच असते.

आणि कात्रण कापू नका, अख्खे पान ठेवा. तारीख, आवृत्ती आणि पानाच्या माथ्यावरची पट्टी त्यात आली पाहिजे. ‘प्रायोजित’ हा शब्द होता की नव्हता, यावरच तक्रार उभी राहते आणि तो नसल्याचा पुरावा पूर्ण पानाशिवाय देता येत नाही.